सुनेने रील बघून मासे बंद केलेत, आता काय करू?

पत्र असं आहे (थोडं कापून देतेय):

"ताई, आम्ही मूळचे मालवणकडचे, आता बरीच वर्षं डोंबिवलीत. सुनेला सातवा महिना चालू आहे. ती साताऱ्याकडची, पण लग्नानंतर माझ्यापेक्षा आवडीने मासे खायला लागली होती. महिन्यापूर्वी मोबाइलवर कुठलीतरी रील बघितली, माशांच्या पोटात प्लास्टिक, बाळाच्या वारेत (प्लासेंटात) प्लास्टिक, आपण दर आठवड्याला एक क्रेडिट कार्ड खातो वगैरे. तेव्हापासून घरात मासे बंद. तिसऱ्या आणल्या होत्या त्या शेजारी देऊन टाकल्या. समुद्राचं मीठ पण नको म्हणून गुलाबी मीठ आणलंय. मुलगा म्हणतो तुम्ही दोघी बघून घ्या. आमच्या सात पिढ्या मासळीवर जगल्या, कुणाला काय झालं? पण रात्री मला पण भीती वाटते, बाळाचा प्रश्न आहे. खरं काय ते सांगा."

ताई, उत्तर आधी देऊन टाकते, कारण महिनाभर तुम्ही दोघी टांगून आहात. मासे सुरू करा. गरोदर बाईने मासे सोडले तर काय काय हातचं जातं ते नीट माहितीये, आणि माशातल्या प्लास्टिकने बाळाला किती त्रास होतो हे अजून कुणालाही मोजून सांगता आलेलं नाही. पण हे वाक्य घेऊन लगेच स्वयंपाकघरात जाऊ नका, कारण सूनबाई सांगतेय त्यातलं बरंचसं खरं आहे, फक्त तिने चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीये. घरात प्लास्टिक शिरायचे मोठे रस्ते सगळे उघडे आहेत आणि बिचारा बांगडा तेवढा हद्दपार झालाय.

आणि ते सात पिढ्यांचं तर अजिबातच काढू नका. तुमच्या आजेसासऱ्यांच्या वेळी जाळी सुताची नाहीतर सणाच्या (तागासारख्या) धाग्याची असायची, झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून टिकवायची. आता जाळं नायलॉनचं, दोर प्लास्टिकचा, पेटी थर्माकोलची, बर्फ भरलेली पिशवी पण प्लास्टिकची, आणि खाडीतून वाहत येणारं सगळं शहर वेगळंच. सात पिढ्यांपैकी सहा तरी ज्या समुद्रातलं खाऊन जगल्या तो समुद्रच आता राहिला नाही, तेव्हा हा मुद्दा तिच्या एका वाक्यात उडेल आणि मग तुमचं बाकीचं पण ती ऐकणार नाही.

आता हे मायक्रोप्लास्टिक म्हणजे काय ते पटकन. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कुठलाही कण, मग तो पिशवीचा तुकडा असो, कपड्याचा धागा असो नाहीतर टायरची भुकटी. हा शब्द सगळीकडे झाला तो इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या पेपरनंतर. प्लास्टिक कुजत नाही, उन्हाने कडक होतं आणि लाटांनी तुटत तुटत बारीक होत जातं एवढंच, संपत कधीच नाही. आणि सगळं काही समुद्रात जाऊनच बारीक होतं असं पण नाही, बरंचसं घरातूनच बारीक होऊन निघतं. त्याच प्लिमथच्या लोकांनी २०१६ मध्ये वॉशिंग मशिनचं पाणी तपासलं होतं, ६ किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले तर ७ लाखांच्या वर धागे सुटू शकतात असा हिशोब निघाला. म्हणजे आपले स्वेटर, लेगिंग्ज, शाली, सगळं थोडं थोडं गटारातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात चाललंय.

या सगळ्यात खरा मार कुणाला बसतोय ते आधी सांगते, कारण रीलमध्ये ते नसतंच, तिथे फक्त आपण आणि आपलं पोट.

समुद्रात कोपेपॉड नावाचे जीव असतात, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. ते बारीक शैवाल खातात, मग बारीक मासे त्यांना खातात, आणि तिथून पुढे तारले, बांगडे, सुरमई अशी ती माळ चालते. २०१५ मध्ये प्लिमथच्याच आसपासच्या मंडळींनी या कोपेपॉडना शैवालाबरोबर प्लास्टिकचे बारीक मणी दिले, तर ते शैवाल कमी खायला लागले, त्यांची अंडी लहान झाली आणि त्यातून पिल्लं पण कमी निघाली. प्लास्टिकने कुणी तडफडून मेलं नाही, पोट भरल्यासारखं वाटलं आणि उपाशी राहिले. मला विचाराल तर ही मेल्यापेक्षा वाईट गोष्ट आहे, कारण मेलेलं दिसतं तरी, हे असं कमी कमी होत जाणं कुणाच्या लक्षात येणार.

कालवांचं पण तसंच. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये कालवांना दोन महिने पॉलिस्टायरिनच्या (थर्माकोल ज्याचं बनतं त्या प्लास्टिकच्या) कणांच्या पाण्यात ठेवलं. अंड्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली, शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी कमी झाला, आणि पुढची पिल्लावळ ४१ टक्क्यांनी. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा प्रयोगात प्लास्टिक बऱ्याचदा खऱ्या समुद्रापेक्षा जास्त घालतात, त्यामुळे उद्याच देवबागची कालवं संपणार असं कुणी म्हणत असेल तर ते पण रीलवालेच समजा. पण दिशा कुठली आहे ते कळतं.

लांबच्या गोष्टी पण आहेत. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावर शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी आहेत, त्यांच्या पिल्लांच्या जठरात प्लास्टिक घासून घासून आतल्या बाजूला व्रण पडून ती भिंतच कडक झालेली सापडली. २०२३ मध्ये त्याला प्लास्टिकोसिस असं रोगाचं नावच देऊन टाकलं. आता हे पक्षी प्लास्टिक खातातच कशाला, मूर्ख आहेत का, असं लोक विचारतात. तर समुद्रात पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि त्याला जो वास येतो तो त्यांच्या खाण्याच्या जागेचाच वास असतो, हजारो वर्षं त्या वासावर जाऊन त्यांना खाणं मिळालंय, त्यांनी काय करायचं. आणि कासवांचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये जगातल्या सातही जातींच्या समुद्री कासवांचा एक अभ्यास आला, १०२ मेलेली कासवं तपासली, एकसुद्धा कोरं निघालं नाही. त्या सात जातींत आपल्या वेळास, आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले पण आली, जिच्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. आपण वाळूत अंडी सांभाळायची आणि पिल्लू पाण्यात गेलं की पहिला घास प्लास्टिकचा, असं चाललंय.

निळा देवमासा एका दिवसात १ कोटीपर्यंत कण गिळत असेल असा २०२२ चा कॅलिफोर्निया किनाऱ्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाण्यातून येत नाही, तो खातो त्या क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या पोटातून येतं. म्हणजे खाणाऱ्याने खाल्लेल्याचं प्लास्टिक. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत सहा हजार मीटरपेक्षा खोल एक कोळंबीचा लांबचा नातेवाईक सापडला, त्याच्या पोटात बाटलीच्या जातीच्या प्लास्टिकचा धागा निघाला, म्हणून २०२० मध्ये त्या नव्या जातीचं शास्त्रीय नावच युरिथेनिस प्लास्टिकस ठेवलं. नाव मिळायच्या आधी प्लास्टिक मिळालं त्याला. असो.

बरं आता ताटातल्या माशाकडे येऊ, तुम्ही त्याचीच वाट बघताय.

माशाने गिळलेलं मायक्रोप्लास्टिक मुख्यतः त्याच्या आतड्यात आणि जठरात असतं. अगदी बारीक कण मांसात गेल्याचं काही अभ्यासांत दिसलंय पण ते प्रमाण पोटातल्यापेक्षा खूप कमी. आणि आपण बांगडा कसा करतो? कल्ल्यात बोट घालून कल्ले ओढायचे, पोटाला चीर द्यायची, आतडी, काळी पिशवी सगळं बाहेर, मग आतून अंगठ्याने घासून ती काळी पातळ साल पण काढायची आणि दोन पाण्यांनी धुवायचा. तुमच्या हातांना हे सांगायची गरज नाही. तर रीलमध्ये चिमट्याने जे बाहेर काढून दाखवतात ना, तेच तुम्ही आयुष्यभर मांजराला नाहीतर कचऱ्यात टाकत आलायत. सुनेला हे तोंडी सांगू नका, पुढच्या वेळी साफ करताना शेजारी उभं करा, वास सहन होत असेल तर.

बोंबील, मांदेली, तारले, पेडवे, सगळ्यांचं हेच, पोट साफ करून खातो. प्रश्न उरतो तो अख्खे खातो त्यांचा. जवळा, सुकट, आणि शिंपल्यातलं सगळं, म्हणजे तिसऱ्या, कालवं, शिनाणे. शिंपल्यातले जीव दिवसभर पाणी गाळत बसतात, पाण्यात जे असेल ते अंगात येतं. गोव्यात साळ नदीच्या मुखाकडे एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणी, गाळ, मासे, शिंपल्या सगळं तपासलं होतं, सगळ्यात मायक्रोप्लास्टिक निघालं. तेव्हा सूनबाईंनी बरोबर तिसऱ्याच शेजारी दिल्या, तिचा नेम अगदीच काही चुकला नाही हो!

पण आता गंमत ऐका. एडिंबराच्या हेरिअट वॉट विद्यापीठात २०१८ मध्ये असा अभ्यास झाला की शिंपल्या खाताना त्यातून माणसाच्या पोटात किती कण जातात आणि तेच जेवण चालू असताना घरातली धूळ ताटात पडून किती जातात. ब्रिटनमध्ये शिंपल्यांतून माणशी वर्षाला शंभर-सव्वाशे कण, आणि जेवताना हवेतून ताटात पडणारे १३ हजार ते ६८ हजार. पडद्याचे, सोफ्याचे, कपड्यांचे धागे. म्हणजे तिसऱ्यांचं कालवण शेजारी गेलं आणि भेंडीची भाजी पंख्याखाली उघडी राहिली तर हिशोब कुठे बसला सांगा. तो आकडा त्यांच्या घरांचा आहे, आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, धूळ वेगळी, पण मुद्दा तोच.

तिसऱ्या आणल्याच तर तुम्ही नेहमी करता तसं मिठाच्या पाण्यात काही तास ठेवा, रेती सोडतात तेव्हा पोटातलं थोडं बाकीचं पण सोडतात. पूर्ण जात नाही. आणि या महिन्यांत शिंपलीचं काहीही चांगलं उकळूनच द्या, ते प्लास्टिकसाठी नाही, जंतूंसाठी. सुकटीला मीठ असतं, बीपी वर जात असेल तर डॉक्टरांना विचारून.

मिठाचं मात्र मला जास्त बोलायचंय. आयआयटी मुंबईच्या दोघांनी २०१८ मध्ये भारतातलं समुद्री मीठ तपासलं, त्यात मायक्रोप्लास्टिक निघालं हे खरं, आणि ती बातमी तेव्हा सगळ्या पेपरात आली होती. पण किती निघालं ते कुणी वाचलंच नाही. किलोमागे साधारण ६४ मायक्रोग्रॅम. रोज ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षभरात ०.१२ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर्षाचं सगळं मिळून मिठाच्या एका बारीक खड्याएवढं. साध्या वाळूच्या गाळणीतून समुद्राचं पाणी आधी गाळून घेतलं तरी वजनाने ८५ टक्के कमी होतं असं पण त्यांनीच दाखवलं, ते मिठागरवाल्यांनी करायचं काम आहे. आणि तुम्ही त्या बदल्यात काय आणलंत? गुलाबी मीठ. ताई, ते पाकीट आत्ता उठून बघा, त्यावर आयोडीनयुक्त लिहिलंय का. बहुतेक नसेल. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, म्हणून तर सरकारने इतकी वर्षं मिठात घालायला लावलंय. त्यात मासे पण बंद, म्हणजे आयोडीनचा दुसरा रस्ता पण बंद. या सगळ्या प्रकरणात बाळाचं खरोखर नुकसान करू शकेल अशी एखादी गोष्ट घरात झाली असेल तर ती ही. साधं आयोडीनचं मीठ आजच आणा, यात चर्चा नको.

क्रेडिट कार्ड. हे मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग राखणाऱ्या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाकडून करून घेतलेल्या कामातून ते निघालं. मूळ हिशोब होता आठवड्याला ०.१ ते ५ ग्रॅम, त्यातला वरचा टोकाचा आकडा उचलला आणि त्याचं कार्ड झालं. नंतर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या लोकांनी जास्त काळजीपूर्वक मांडणी केली, तर मोठ्या माणसाचा मधला आकडा आला आठवड्याला ४ मायक्रोग्रॅमच्या जवळपास. ग्रॅम कुठे आणि मायक्रोग्रॅम कुठे, दहा लाखांचा फरक झाला. हे तिला दाखवा, पण जिंकल्यासारखं नको.

आता वार, कारण ती त्यानेच घाबरली असणार आणि मी तिच्या जागी असते तर मी पण घाबरले असते. इटलीत २०२१ मध्ये ६ बायकांच्या वारा तपासल्या, चारांमध्ये मिळून १२ कण सापडले. खरं आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांत प्लास्टिक. २०२४ मध्ये परत इटलीतूनच, मानेच्या रक्तवाहिनीतली चरबी काढलेले २५७ पेशंट, त्यातल्या ५८ टक्क्यांच्या त्या चरबीत पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, आणि ज्यांच्यात होतं त्यांना पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट ॲटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट. हा शेवटचा अभ्यास वाचून मला पण बरं वाटलं नव्हतं. पण प्लास्टिकमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच ते स्वतः म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सगळं गोळा करून बघितलं आणि ठाम काही सांगण्याएवढा पुरावा नाही असंच लिहिलं.

हे मोजणंच किती कठीण आहे ते मला कॉलेजात शिकवताना कळलं. खाडीच्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेतला की त्यात कोपेपॉड टुणटुण उड्या मारताना दिसतात आणि त्यांच्यामध्ये एखादा निळा धागा आडवा पडलेला असतो, पोरं ओरडतात मॅडम प्लास्टिक प्लास्टिक. आणि मग बघावं तर ओरडणाऱ्याच्या अंगातच निळा टीशर्ट. तो धागा खाडीचा की त्याच्या बाहीचा, नुसत्या मायक्रोस्कोपखाली सांगता येत नाही. मोठ्या लॅबमध्ये यासाठी सुती कपडे, काचेची भांडी, वेगळी यंत्रं सगळं वापरतात तरी रक्तात, वारेत इतके थोडे कण शोधायचे म्हणजे शंका राहतेच. म्हणून म्हणते काहीच नाही असं पण म्हणू नका आणि संपलं सगळं असं पण नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये लखनौ, कोची आणि पिलानीच्या संस्थांना बरोबर घेऊन खाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकचं काम सुरू केलंय, भारतातल्या ताटाचे आकडे त्यातून यावेत.

मग चोर कुठाय? गरम आणि प्लास्टिक जिथे एकत्र येतं तिथे. आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये कागदी कप तपासले, आपण ज्यात टपरीवर चहा पितो तेच. कागदाला आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो, नाहीतर चहा गळेल ना. १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर साधारण २५ हजार कण पाण्यात. तुमचा मुलगा ऑफिसात दिवसाला किती कप घेतो ते विचारा जरा, तो जो म्हणतो दोघी बघून घ्या. पोळीभाजीच्या प्लास्टिक डब्यात गरम भाजी भरणं, मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचं भांडं, हॉटेलातून पिशवीत आलेलं उकळतं सूप, फ्रिजवरची जुनी चरे पडलेली बाटली, हे सगळं एकाच माळेतलं. बाटलीबंद पाणी पण, २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले, बहुतेक नॅनो, म्हणजे आधीच्या यंत्रांना दिसतच नव्हते इतके बारीक. सूनबाई बाहेरचं पाणी नको म्हणून बिसलेरी घेत असेल तर काय म्हणायचं! घरचं पाणी उकळून, गाळून, स्टीलच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात. आणि झाडताना धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या, जेवण झाकून ठेवा. यात तुम्हाला नवीन काहीच नाही, तुमची स्टीलची मांडणी परत वापरात आली की झालं.

आणि मासे कुठले आणायचे, तर इथे माझं एक वेगळंच म्हणणं आहे. गरोदर बाईने माशांत ज्याला घाबरायचं तो पारा, प्लास्टिक नाही. मोठे, शिकार करणारे, खूप वर्षं जगणारे मासे अंगात पारा साठवतात आणि पारा बाळाच्या मेंदूला वाईट, हे नक्की माहितीये, वर्षानुवर्षांचा पुरावा आहे. अमेरिकेची अन्न-औषध संस्था एफडीए गरोदर बायकांना शार्क टाळा म्हणते, म्हणजे आपली मोरी, मुशी. किंग मॅकरेल पण टाळा म्हणते, आपली सुरमई त्याच घराण्यातली, तेव्हा मोठ्या सुरमईचे जाडजूड तुकडे बाळ होईपर्यंत राहू द्या, तुम्ही खा हवं तर. तिला बांगडा, तारले, पेडवे, मांदेली, बोंबील, कोळंबी. आठवड्यातून दोन-तीनदा, सगळं मिळून २२५ ते ३४० ग्रॅमच्या आसपास असं तिथलं प्रमाण आहे. तारले-बांगड्यात ते ओमेगा ३ भरपूर, गोळ्यांमधून घेण्यापेक्षा स्वस्त आणि चवीला कितीतरी बरं. तिच्या डॉक्टरांना पण एकदा विचारा, माझं ऐकून करू नका सगळं.

बोलायचं कसं ते पण विचारलंत नसलं तरी सांगते. मासे परत आणायचा विषय तुम्ही काढू नका. आधी मिठाचा विषय काढा, मग प्लास्टिकचे डबे तुम्हीच स्वतःहून काढून टाका, तिच्यासमोर, तिला म्हणा तुझं ऐकून मी पण वाचलं. महिनाभर ती एकटी घाबरून बसलीये आणि घरात कुणी तिला खरं मानत नाहीये, अर्धा राग त्याचाच आहे. रागात काही बोलली तर त्याच्याशी वाद घालू नका, ते सातव्या महिन्याचं बोलणं आहे.

तिला समुद्राचा खरंच कळवळा असेल, आणि मला वाटतं असेल, तर तिला सांगा मासे न खाऊन समुद्राला काडीचा फायदा नाही. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळलं तेव्हा १६०० टनांहून जास्त प्लास्टिकचे कच्चे दाणे समुद्रात गेले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर तेच पांढरे दाणे, लोक चाळणीने वाळू चाळत होते. आणि त्याच केरळात नींदकराच्या बंदरावर मच्छीमार २०१७ पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत पाण्यात न टाकता किनाऱ्यावर आणतात, ते बारीक करून रस्त्याच्या डांबरात जातं. आपल्याकडे पण कासव किंवा डॉल्फिन अडकला म्हणून जाळं कापलं तर वनखात्याचा कांदळवन कक्ष मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देतो. समुद्र साफ ठेवायला ज्यांच्या हातात काहीतरी आहे ती माणसं हीच, आणि त्यांचा बांगडा विकत घेतला नाही तर त्यांनी जगायचं कशावर.

एक शेवटचं, हे आत्ताच सांगून ठेवते कारण बाळ झाल्यावर तिला पुढची रील नक्की येणार, आईच्या दुधात प्लास्टिक. तो अभ्यास पण खरा आहे, इटलीतलाच, २०२२ चा, ३४ पैकी २६ नमुन्यांत सापडलं. पण ज्यांनी शोधलं त्यांनीच म्हटलंय की दूध पाजणं थांबवू नका, फायदे कितीतरी जास्त आहेत. नाहीतर ती घाबरून बाटली आणायला धावेल आणि आगीतून फुफाट्यात, कारण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलिनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या तर गरम पाणी घालून हलवल्यावर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण सुटले. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर तुमच्याकडे चांदीचं नाहीतर स्टीलचं बोंडलं असेल, ते काढून घासून ठेवा. बाटली घ्यायचीच झाली तर काचेची. प्लास्टिकचीच असेल तर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळायचं, दूध पण स्टीलमध्येच कालवायचं, कोमट झालं की मगच बाटलीत ओतायचं, आणि बाटलीत घातल्यावर खळाखळा हलवायची नाही.